आय इज



मला पाच मिनिटं दिली आहेत, म्हणून थेट पाचवीत जातो.

१९८०चा पावसाळा. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. सरांनी फळ्यावर ॲम, इज, आर लिहिलं आणि हजेरीला 'येस सर'ऐवजी 'आय ॲम प्रेझेंट, सर' म्हणायला लावलं. माझ्या बाकावरचा दोस्त उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, 'आय इज प्रेझेंट, सर.' वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. 'इज्या' हे नाव मीच पाडलं. ते दहावीपर्यंत टिकलं. इंग्रजीच्या तासाला तो पुन्हा आपण होऊन कधी उभा राहिला नाही. दहावीला इंग्रजीतच राहिला, आणि परत बसला नाही.

मी पुढं इंग्रजीचाच शिक्षक झालो. (सर, हसू नका.) नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीच्या वहीत 'आय इज' दिसलं. लाल पेन उचललं, पण आधी तिला विचारलं, असं का लिहिलंस? ती म्हणाली, 'मी आहे, तो आहे. दोन्हीकडं आहेच की, सर.'

मी गप्पच झालो. खरंच की! तू आहेस, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. पण मी आणि तो, दोघांनाही नुसतं 'आहे'. इंग्रजीनं मीला एकट्याला ॲम दिलं, आणि तू, आम्ही, तुम्ही, ते अशा सगळ्यांना एका 'आर'मध्ये कोंबलं. आपली रूपं पाच, त्यांची तीन. म्हणजे माझा दोस्त चुकला तो मराठीच्या नियमानं. मी नुसतं घोकलं होतं. आठवीत संस्कृतचं 'अस्मि' आलं, तेव्हाही ते आणि 'ॲम' एकाच मुळातले आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता मी वर्गात आधी आहे, आहेस, आहोत फळ्यावर लिहितो, मग इंग्रजी.

तो आज आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. सकाळी चहा घेताना त्याला हे सगळं सांगितलं. म्हणाला, 'तेव्हाच सांगायचं होतंस ना लेका.' माफी मागायची मात्र तिथं राहून गेली. ती सगळ्यांसमोर मागतो. आणि ते नाव अजून ज्यांच्या तोंडात आहे, त्यांनी जेवणाच्या पंगतीत त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारावी, एवढी विनंती.