कंबरदुखी, उपचार आणि आपली अपेक्षा

(संस्थेच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



आज संस्थेने मला कंबरदुखीवर दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी आभारी आहे. मी काही विदुषी नाही. रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात पंचवीस वर्षे नोकरी केली, एवढाच माझा अधिकार. या काळात हमाल, सफाई कामगार, बसचालक, शिलाई मशीनवर दिवस काढणाऱ्या भगिनी असे कष्टकरी माझ्यासमोर आले. बहुतेकजण आधी कुठे ना कुठे जाऊन आलेले असत. कुणी हाडवैद्याकडे मालिश, कुणी पंचकर्म, कुणी योगवर्ग, कुणी ॲक्युपंक्चरच्या सुया. मी सर्वांना एकच प्रश्न विचारी : "तिथे जाताना तुमची अपेक्षा काय होती?" उत्तर ठरलेले असे : "बाई, दुखणं मुळासकट जावं!" आज मला या उत्तराविषयीच बोलायचे आहे.

आपल्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत आहे. पाय लागतो आणि चार दिवसांत उसण जाते. पण बंधूंनो, साधी उसण बहुधा पाय न लावताही जाते! तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी मात्र वेगळी. ती भरती-ओहोटीसारखी चढते, उतरते. दुखणे असह्य झाले की आपण नवा उपचार गाठतो. त्यानंतर ओहोटी लागणारच असते, आणि श्रेय मिळते तेलाला. पुढची भरती आली की तोच माणूस निराश होऊन नवे दार ठोठावतो. यात पैसा जातो, रोजगार बुडतो आणि उमेदही खचते.

मग अपेक्षा म्हणजे निव्वळ भ्रम काय? तसेही नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला शास्त्रोक्त ॲक्युपंक्चर दिले, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर सुया टोचल्या, तिसऱ्याला नेहमीची औषधे व व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के लोकांना गुण आला. म्हणजे सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. उपचार मिळतो आहे, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे, या भावनेचा वाटा त्यात मोठा असावा. २००१ साली अमेरिकेतील १३५ रुग्णांच्या अभ्यासात, उपचाराकडून जास्त अपेक्षा ठेवणाऱ्यांपैकी ८६ टक्के सुधारले, कमी अपेक्षा ठेवणाऱ्यांपैकी ६८ टक्के. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र असा संबंध आढळला नाही. तेव्हा विश्वासाला बळ आहे हे खरे, पण ते हुकमी नाही.

आणि त्या बळाला मर्यादाही आहे. आमच्या शेजारच्या एका भगिनीने पाठीच्या दुखण्यावर आठ महिने तेल चोळून घेतले. संध्याकाळी अंगात कसर येई, वजन उतरत होते. मालिश करणारा म्हणे, "थोडा धीर धरा." अखेर पायातली शक्ती जाऊ लागली तेव्हा तपासणी झाली. मणक्याचा क्षयरोग निघाला. क्षयाचा जंतू औषधाने मरतो, विश्वासाने मरत नाही. म्हणून ताप, वजन घटणे, रात्री झोपू न देणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्या-आपटल्याचा मार, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा बसायची जागा बधिर होणे, यांत तर एक दिवसही दवडू नका.

असे काही नसेल, तर उपचार निवडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. यातून मला नेमके काय करता येईल? किती दिवसांत? एकूण खर्च किती? आणि चालू औषधांपैकी काही बंद करायला सांगता का? "गॅरंटी" देणाऱ्यापासून दूर राहा. नाव-घटक नसलेली पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मालिश, ॲक्युपंक्चर यांना जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून ओढणे हे उपचार नेहमीसाठी नकोत, असेही त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे तर घरोघरी पट्टा टांगलेला!

योगाचेही तसेच. २०११ सालच्या अमेरिकेतील २२८ जणांच्या अभ्यासात योगवर्ग आणि साधे ताणाचे व्यायाम सारखेच उपयोगी ठरले. ध्यानाविषयी २०१६ साली ३४२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सजगतेचा अभ्यास करणाऱ्यांपैकी ६०.५ टक्के लोकांच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा झाली, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ४४.१ टक्के. म्हणजे ध्यानाने मदत होते, पण शंभरातल्या चाळिसांना तेवढा गुण आला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शेवटी एक आठवण. एका हमालदादांना मी तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बाई, दुखणं राहिलं तर राहू द्या. मला नातवाला उचलून घ्यायचंय." मला वाटते, ही खरी अपेक्षा! तिला माप आहे. आम्ही तेवढेच ध्येय धरले. आधी रोज थोडे चालणे, मग व्यायाम, मग पाण्याची कळशी उचलणे. तीन महिन्यांनी ते नातवाला कडेवर घेऊन विभागात आले. कंबर दुखतच होती, पण कमी. आणि तिची भीती गेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आई-आजीला विचारा, "कंबर बरी झाली तर सर्वांत आधी काय करशील?" त्या उत्तरापासून उपचाराला सुरुवात करा. आशा सोडू नका, पण तिला प्रश्न विचारायला शिका. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.