केसपेपरवरील एक ओळ

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील अहवालात आपल्यापुढे आहेच. आज त्या आकड्यांत न मावणाऱ्या एका विषयाकडे, आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीकडे, आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक कामगार पाळी संपवून सायकलने घरी निघाला होता. कल्याण-शीळ मार्गावर टेम्पोने त्याला मागून धडक दिली. टेम्पो निघून गेला. क्रमांक तेवढा एका टपरीवाल्याने टिपून ठेवला. बेशुद्ध जखमीला आमच्याकडे आणणाऱ्या सद्गृहस्थाने अपघात पाहिलेला नव्हता. अपघात विभागात केसपेपरवर नोंद झाली : ‘सायकलवरून पडून दुखापत’. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, न्यासाने देयकात सवलत दिली आणि आपले कर्तव्य पूर्ण झाले, असे आम्ही मानले.

पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी हीच ओळ पुढे केली. तो स्वतःच पडला, दुसरे वाहन नव्हतेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. डॉक्टरांची साक्ष आवश्यक ठरली. परंतु बाह्यरुग्ण विभागातील गर्दीचे कारण देऊन आम्ही दोन तारखा चुकविल्या. निकाल अखेर त्याच्या बाजूने लागला. पण तोवर घरातील दागिने गहाण पडले होते. त्या विलंबात आमचा वाटा होता, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो.

सायकलस्वाराजवळ ना परवाना, ना नोंदणी क्रमांक, ना विमा. त्यामुळे ‘सायकलवाल्याला काय मिळणार?’ असे अनेक कुटुंबे गृहीत धरतात. वस्तुतः मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये प्रत्येक मोटार वाहनास सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्षाचा विमा अशा जखमींसाठीच आहे. दावा अपघातस्थळाच्या अथवा जखमीच्या निवासस्थानाच्या क्षेत्रातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा आहे. पाय प्लास्टरमध्ये असतानाच ही मुदत सरत असते, हे नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीस ५० हजार व मृताच्या वारसांस २ लाख रुपये देण्याची योजना आहे. तो अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करावा लागतो. खड्ड्यामुळे अपघात झाल्यास दुखापतीनुसार ५० हजार ते २.५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे.

वकिलाच्या शुल्काची धास्ती बाळगून कोणी घरी बसू नये. स्त्रिया, बालके, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील नागरिक यांना उत्पन्न न पाहता, तर इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असल्यास, मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कल्याण न्यायालयातील तालुका विधी सेवा समिती अथवा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. मात्र रुग्णाच्या उशाशी येऊन कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्यास कृपया सही देऊ नये.

रुग्णालयाची जबाबदारी न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केली आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोलिसी सोपस्कारांसाठी जखमीचे उपचार थांबता कामा नयेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात त्याच न्यायालयाने दाखवून दिले की, डावा हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण सुताराची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडेल. म्हणूनच अपंगत्वाच्या टक्केवारीइतकीच रुग्णाच्या व्यवसायाची माहिती आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची ठरते.

या अनुभवानंतर आम्ही काही बदल केले. अपघाताची हकीकत कोणी सांगितली, हे आता केसपेपरवर लिहिले जाते. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याचे म्हणणे पुन्हा नोंदवून पोलिसांना कळविले जाते. घरी पाठविताना डिस्चार्ज कार्ड, क्ष-किरण चित्रे व देयकांच्या पावत्या एकत्र दिल्या जातात. साक्षीच्या तारखेस डॉक्टरांच्या जागी पर्यायी व्यवस्था केली जाते.

आता हे काम नियमितपणे पाहण्यासाठी एका पूर्णवेळ समाजसेवकाची गरज आहे. यंत्रसामग्रीसाठी आपण नेहमीच सढळ हाताने देणगी दिली आहे. समाजसेवकाच्या वेतनासाठी दिलेल्या देणगीची संगमरवरी पाटी लागणार नाही. परंतु एखाद्या सायकलस्वाराच्या घरातील चूल त्यामुळे पेटती राहील. आपण या विनंतीचा विचार करावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.