करवीरची राजधानी आणि बाजारपेठ



एखाद्या नगरास राजधानीचा मान राजसिंहासनामुळे मिळतो. परंतु सिंहासन गेल्यावरही तो मान टिकतो काय, यावरच त्या नगराची खरी कसोटी लागते. कोल्हापूरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

महाराणी ताराबाईंनी करवीरच्या स्वतंत्र गादीचा पाया घातला. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये निश्चित झाली. प्रारंभी राजधानी पन्हाळगडावर होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पंचगंगेकाठी आली. अंबाबाईच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंमुळे या क्षेत्राचे महत्त्व त्यापूर्वीच प्रस्थापित झाले होते.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. १८९४ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. भोवतालच्या शेतकऱ्यांचा गूळ येथे येऊ लागला. १९०६ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला गेला. त्यानंतर लवकरच भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेण्यात आले. निधीअभावी ते काम मध्येच थांबले व महाराजांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. तथापि पुढील पिढ्यांच्या शेतीस त्याच धरणाने पाणी दिले.

महाराजांनी धनाइतकीच मनुष्यबळाचीही चिंता वाहिली. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार संपला, पण नगर ओस पडले नाही. नद्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी ऊस वाढविला. उसाबरोबर सहकारी साखर कारखाने आले. पाणी उपसणारी तेल-इंजिने दुरुस्त करता करता येथील कारागीर स्वतःच इंजिने घडवू लागले आणि उद्यमनगरात ओतशाळा उभ्या राहिल्या. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने लहान शेतकऱ्याच्या घरातही रोजचा पैसा नेला. कोल्हापुरी गूळ आणि चप्पल यांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. महाराजांच्या नावाची ती कापडगिरणी बंद पडली. ज्या पंचगंगेने नगरास वैभव दिले, तिच्यातच सांडपाणी मिसळत राहिले. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठची घरे, दुकाने व उभा ऊस पाण्याखाली घातला. पूररेषेच्या आत बांधकामास अनुमती द्यावयाची की नाही आणि गावाचे सांडपाणी कोठे सोडावयाचे, हे प्रश्न जितके शहराचे, तितकेच ग्रामपंचायतींचेही आहेत.

राजवाड्यात आज संग्रहालय आहे. बाजारपेठ मात्र चालू आहे. कारण ती खेड्यांच्या पाण्यावर, श्रमावर आणि शिक्षणावर उभी आहे. ज्या राजधानीने आपल्या खेड्यांना पाणी व शाळा दिली, तिला खेड्यांनी तारले. आता त्याच पाण्याची शुद्धता राखणे, हे नगर आणि खेडी या दोहोंचे समान कर्तव्य आहे.