रानपिंगळा आणि पोकळ झाडे

तिन्हीसांजेला गावच्या वडावर चिरचिर करणारा पिंगळा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आज बोलावयाचे आहे ते त्याच्या रानातील भावंडाविषयी, रानपिंगळ्याविषयी.

याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात. शेपटीवरचे पट्टे मात्र रुंद व ठळक. घुबडाच्या कुळातला असूनही हा भर दिवसा निष्पर्ण फांदीवर बसून सरडे, सापसुरळ्या, उंदीर टिपतो. असा पक्षी ११३ वर्षे कोणा जाणत्याच्या दृष्टीस पडू नये, हे नवलच!

१८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही नमुने मिळविले. १८८४ नंतर पक्षी जणू लोपला. सालिम अलींनाही तो सापडला नाही. एका नमुन्यावर मात्र ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी चिठ्ठी होती. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी डेव्हिडसनचाच नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर ती खोटी चिठ्ठी डकविली होती, हे पॅमेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले. मांडवीचा माग सुटला, शोध जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात पक्षी समोर बसलेला दिसला!

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, तसेच इंदूरकरांना जवळच्या खंडव्याच्या सागवनांतही तो आढळला. २०१४ साली तर मुंबईच्या उत्तरेस तानसा अभयारण्यात. तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे. २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. हे समाधान तोकडेच म्हणावयाचे.

कारण अडचण त्याच्या घराची आहे. हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या वृक्षांतील तयार ढोलीत घरटे करतो. लाकूडतोड्याच्या हिशेबी पोकळ खोड म्हणजे निव्वळ जळण, म्हणून कुऱ्हाड प्रथम त्याच्यावरच पडते. शेतीसाठी रान साफ होते, वणवे लागतात, घुबडाला अशुभ मानून मारणारेही आहेत. पण नव्याने लावलेल्या सागाच्या सरळ रांगांत ढोली तयार व्हावयास कित्येक दशके लागतात, आणि मादी बहुधा दोनच अंडी घालते. वृक्षतोडीपूर्वी झाडांवर खुणा करणाऱ्या वनरक्षकाने एवढेच करावे: खोडाला ढोली दिसली, की ते झाड वगळून पुढे जावे.