आमच्या गावाचे नाव नीट घ्या!

(धानोरा, जिल्हा नंदुरबार येथे गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



तुमच्यापैकी कुणी मुंबईच्या गिरणीत घाम गाळला, कुणी धुळे-अमळनेरच्या, कुणी सुरतेच्या. आज आम्ही पगाराबद्दल बोलणार नाही, बोनसाबद्दलही नाही. आज आम्ही नावाबद्दल बोलणार आहोत.

मस्टरवर नाव चुकले म्हणजे काय होते, हे गिरणी कामगाराला सांगायला नको. बापाच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की प्रॉव्हिडंट फंडाचा कागद अडकतो. खिडकीमागचा कारकून म्हणतो, "हा माणूस तुम्हीच कशावरून?" मग गावाचे नाव रेडिओवर चुकले, तर ती किरकोळ बाब कशी?

रेडिओ लावा आणि ऐका. तळोद्याचे "तलोडा" होते. तोरणमाळाचे "तोरनमल" होते. दोंडाईचा "डोंडाइचा" होतो. धुळ्याचे "धुले" तर इतके रूढ झाले आहे की ऐकणाऱ्याला आता रागही येत नाही. आणि आपले धानोरा? त्याचे "धनोरा" व्हायला कितीसा वेळ लागतो!

हे दुखणे एकट्या खानदेशाचे नाही. गिरणगावात राहिलेल्यांनो, आठवा. परळचे "परेल" झाले, चिंचपोकळीची "चिंचपोकली" झाली, वरळीची "वर्ली" झाली. शिवडीची "सेवरी" आणि भायखळ्याचे "बायकला" झाले. ज्यांच्या घामावर ती वस्ती उभी राहिली, त्यांच्या तोंडचे नाव मागे पडले आणि साहेबाच्या पाटीवरचे नाव पुढे आले.

असे का होते? निवेदक मुद्दाम करतो काय? मुळीच नाही. बातमी पुष्कळदा इंग्रजीत येते, आणि इंग्रजी लिपीला आमची गावे पेलत नाहीत. ल आणि ळ दोन्ही एकाच एल्‌मध्ये कोंबलेले. द आणि ड एकाच डीमध्ये. अ आणि आ एकाच एमध्ये. अशा कागदावरून तळोदा वाचायचे की तलोडा, धानोरा वाचायचे की धनोरा, हे त्या कागदालाच ठाऊक नसते. मग वाचणारा अंदाज बांधतो आणि तो अंदाज साऱ्या राज्याच्या कानांवर जातो.

निवेदक आमचा वैरी नाही, बंधूंनो. तोही कामगारच. आकाशवाणीत कित्येक निवेदक हंगामी म्हणून काम करतात. आपल्या भाषेत सांगायचे तर बदली! आयत्या वेळी कागद हाती आला, तर तो बिचारा विचारणार कुणाला? दोष त्याच्या जिभेचा नाही. ज्या व्यवस्थेने गावाला न विचारता गावाची बातमी लिहिली, तिचा हा दोष आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. नाव नुसते उच्चारले म्हणजे झाले नाही, ते चालवताही आले पाहिजे. आम्ही "धानोऱ्याला जातो" म्हणतो, "धुळ्यात उतरतो" म्हणतो, "शहाद्याहून येतो" म्हणतो. "धानोरा ला", "धुळेमध्ये", "शहादा वरून" असे ऐकले की कान टवकारतात, हा माणूस कधी ह्या वाटेने एस.टी.तून आलेला नाही!

आता कुणी म्हणेल, अहो, तुमची खानदेशी आई तरी ळ कुठे म्हणते? ती अहिराणीत "धुये" म्हणते. खरे आहे. पण तो तिच्या बोलीचा उच्चार आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. "धुये" म्हणणाऱ्याला धुळे ठाऊक आहे. "धुले" वाचणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. हा भेद आम्ही करतो आणि करणार. आणि पुण्या-मुंबईच्या मराठीनेही आरशात पाहावे. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातली सुमारे 69 टक्के वस्ती आदिवासी आहे. सातपुड्यातल्या पाड्यांची नावे भिलांनी, पावऱ्यांनी, मावच्यांनी ठेवली. ती नावे आमच्या पुस्तकी मराठीने वाकडी केली, तर आम्हीही दिल्लीवाल्यासारखेच वागलो म्हणायचे!

यात नुसत्या मानाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात धानोरा एकच आहे काय? एक धानोरा चोपडे तालुक्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात तर धानोरा हा तालुकाच आहे. "धानोऱ्यात अतिवृष्टी, लोकांनी सावध राहावे" असे नुसते सांगितले, तर सावध कोणी राहायचे? ज्याचा पोरगा सुरतेला कामावर आहे, त्याने ही बातमी ऐकून घराकडे धाव घ्यायची की नाही? बाजारभाव, पूर, बंद पडलेला रस्ता, भरतीची तारीख यांत नाव चुकले की नुकसान होते, आणि ते गरिबाचेच होते.

लोकांना न विचारता लोकांशी बोलण्याची खोड रेडिओत जुनी आहे. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? बटण फिरवले आणि रेडिओ सिलोन लावला! अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. पण गाण्यासाठी सिलोन होते, गावाच्या नावासाठी कुठे जायचे? सिलोनला धानोरा ठाऊक नाही!

हे काम अशक्य आहे, असे कुणी सांगू नये. ब्रिटिश नभोवाणी कंपनीने उच्चारासाठी 1926 मध्येच समिती नेमली होती. 1930 साली इंग्लंडमधल्या गावांच्या उच्चारांची पुस्तिका निवेदकांसाठी छापली, 1932 मध्ये स्कॉटलंडची, 1934 मध्ये वेल्सची. ज्या साहेबाने आमच्या वरळीची वर्ली केली, त्याने स्वतःच्या खेड्यांची नावे मात्र जपली. आपण आपल्या खेड्यांसाठी एवढे करू नये?

आणि जे आहे तेही राखावे लागते. 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्रभर ओरड झाली, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. ध्यानात घ्या, ओरड झाली तेव्हा मिळाली!

1 मे 1960 ला राज्य झाले ते हुतात्म्यांच्या रक्तातून आणि गिरणी कामगाराच्या संपातून. त्याच वेळी उंबरगावाकडची आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवे या भागांतली काही गावे गुजरातेत गेली. सीमेवरच्या माणसाला राज्य रोज भेटते कुठे? कचेरीत, शाळेत आणि रेडिओवर. तिथे त्याच्या गावाचे नाव परक्यासारखे घेतले, तर राज्य आपले झाले हे त्याने कशावरून मानायचे?

म्हणून आमच्या मागण्या चार.

पहिली: महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाची देवनागरी उच्चारसूची करा, आणि ती ग्रामपंचायतीला विचारून करा.

दुसरी: एका नावाची अनेक गावे असतील, तेथे बातमीत तालुका आणि जिल्हा सांगा.

तिसरी: अहिराणी, भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या मुलामुलींना निवेदक म्हणून घ्या आणि पक्क्या नोकरीवर घ्या.

चौथी: जिल्ह्याची बातमी जिल्ह्याजवळच्या केंद्रावरून द्या.

आणि तुमचे काम एक. आज घरी गेल्यावर एक पोस्टकार्ड घ्या. त्यावर आपल्या गावाचे नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहा, खाली तालुका, जिल्हा लिहा, आणि नाव कसे चालते तेही लिहा: धानोरा, धानोऱ्याला, धानोऱ्यात. जवळच्या आकाशवाणी केंद्राच्या पत्त्यावर टाका. एका कार्डाने काही होणार नाही. पण गिरणीच्या दारात एकटा उभा राहून कुणी कधी संप जिंकला आहे काय? शेकड्याने कार्डे जाऊ द्या. उत्तर आले नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ द्या.

जय महाराष्ट्र!