कागदावरचा पगार

अमेरिकेत बेसबॉलच्या शौकिनांचा एक घरबसल्या खेळ आहे. बॅट हातात घ्यायची नाही, संघाचं मालक व्हायचं! १९८० साली डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने न्यूयॉर्कमध्ये मित्र जमवून अशी एक लीग काढली. ज्या रेस्टॉरंटमध्ये बैठका व्हायच्या, त्यावरून तिला 'रोटिसरी' नाव पडलं. पुढे रूढ झालेला नियम असा, की २६० डॉलरांत लिलावातून २३ खेळाडू घ्यायचे. तिथे भाव ठरतो तो मित्रांच्या हौसेवर.

दुसरा प्रकार त्याहून जुना. हॅल रिचमन यांनी १९६१ साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' बाजारात आणला. खेळाडूच्या एका हंगामातल्या आकड्यांवरून त्याचं कार्ड बनवायचं आणि फासे टाकून सामना खेळायचा. आता हे काम संगणक करतो. शंभर वर्षांपूर्वीचा बेब रूथही संघात घेता येतो. मात्र एकूण पगाराला मर्यादा असते आणि इथे लिलाव नसला तर पगार सूत्राने ठरवावा लागतो. खरी गंमत त्या सूत्रात आहे.

दुप्पट फटके म्हणजे दुप्पट पगार, असं चालत नाही. सामान्य खेळाडू किमान दरात मिळतोच. मोल असतं ते त्याच्यापेक्षा जे जास्त मिळतं त्याचं. यष्टिरक्षकासारखं काम करणारा कॅचर उत्तम फटकेबाजही असला तर तो दुर्मीळ, म्हणून महाग. कुंपण जवळ असलेल्या मैदानावर होमरन मारणाऱ्याचा भाव थोडा उतरवावा लागतो. सूत्र चुकलं, की सगळे मालक तोच स्वस्त खेळाडू उचलतात. (कविसंमेलनाच्या मानधनाला असं सूत्र अजून कुणी लावलेलं नाही, हे आम्हा कवींचं नशीब!)

पण जॉश गिब्सनचा पगार काय लावणार? तो कॅचर होता, कृष्णवर्णीय होता, म्हणून मेजर लीगमध्ये त्याला कधीच खेळता आलं नाही. जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी तो गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला. नीग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत मिसळले गेले ते २०२४ साली. गिब्सनची १९४३ची सरासरी निघाली हजार संधींमागे ४६६ यशस्वी फटके. एका हंगामातला हा उच्चांक ठरला!

आता सूत्रवाला अडतो. नोंदलेले सामने जेमतेम सत्तर, आणि मेजर लीगचा हंगाम तेव्हा १५४ सामन्यांचा. थोड्या सामन्यांतला आकडा फुगलेला असू शकतो, तेव्हा तो कापून घ्यावा, असं गणित सांगतं. गणित म्हणून ते रास्तही आहे. पण सामने थोडे नोंदले गेले त्याचं कारण त्याच्या बॅटीत नव्हतं. ज्याला जिवंतपणी दार बंद होतं, त्याचा कागदावरचा पगारही आपण कापायचा?

मला विचाराल तर, आकड्याला हात लावू नये. दर पूर्ण घ्यावा आणि जितक्या संधींची नोंद आहे, तितक्याच वेळा त्याला फलंदाजीला उतरवू द्यावं. उरलेल्या सामन्यांसाठी मालकाने किमान दराचा दुसरा कॅचर शोधावा.