टेनिसपटूचे उद्दिष्ट आणि मनाची बैठक

(तरुण खेळाडू, पालक व क्रीडाशिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सप्टेंबर सरता सरता पावसाचा जोर ओसरतो आणि गोव्यातील टेनिसची मैदाने पुन्हा खेळण्याजोगी होतात. नव्या हंगामात काय साधावयाचे, असे या सुमारास एखाद्या मुलाला किंवा मुलीला विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते. राज्य स्पर्धा जिंकावयाची, अमक्याला हरवावयाचे, क्रमवारीत वर जावयाचे. या इच्छेत गैर काहीच नाही. जो खेळात उतरतो त्याला जिंकावेसे वाटणारच. तथापि उद्या सकाळी सहा वाजता कोर्टावर गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात नेमके काय करावयाचे, याचे उत्तर या इच्छेतून मिळत नाही. सकाळच्या सरावाला ज्या उद्दिष्टाने दिशा मिळत नाही, त्याचा उपयोग हंगामाच्या शेवटी निराशा मोजण्यापुरताच उरतो.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. दहावीचे वर्ष जवळ आले की अनेक गुणी मुले रॅकेट खुंटीला टांगतात. अभ्यासाचे कारण सांगितले जाते आणि ते पुष्कळ अंशी खरेही असते. परंतु दोन-तीन वर्षे खेळूनही हाती काही लागले नाही, ही खंत त्यामागे अनेकदा दडलेली असते. वस्तुतः त्या मुलाची सर्व्हिस सुधारलेली असते, पायांना वेग आलेला असतो, बॅकहँड स्थिर झालेला असतो. पण घरात आणि क्लबात प्रगती मोजण्याचे माप एकच, आणि ते म्हणजे चषक. माप चुकीचे असल्यामुळे चांगला खेळाडू खेळाला मुकतो.

खेळाचे गणित

टेनिस हा मुळात पराभवाची सवय करून घ्यावी लागणारा खेळ आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत ३२ खेळाडू उतरले, तर पहिल्या फेरीतच १६ जण बाहेर पडतात आणि अखेर ३१ जण हरून घरी जातात. केवळ विजेतेपद हेच उद्दिष्ट मानले, तर या ३१ जणांचा आठवडा वाया गेला असे म्हणावे लागेल.

स्वित्झर्लंडचा श्रेष्ठ खेळाडू रॉजर फेडरर याने जून २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात आपल्या कारकिर्दीचा हिशेब मांडला होता. १५२६ एकेरी सामन्यांपैकी सुमारे ८० टक्के सामने त्याने जिंकले. परंतु त्या सामन्यांतील जिंकलेल्या गुणांचे प्रमाण अवघे ५४ टक्के होते. म्हणजे जगातील अव्वल खेळाडूनेही जवळजवळ दर दुसरा गुण गमावला. याच फेडररने २०१९ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात २१८ गुण मिळविले आणि नोवाक जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर असताना फेडररच्या हाती विजयाचे दोन गुण होते. तरीही चषक जोकोविचने नेला, कारण तिन्ही टायब्रेक त्याने जिंकले. चौदा गुण अधिक मिळवूनही जेथे हार पत्करावी लागते, तेथे गमावलेल्या प्रत्येक गुणाचा शोक करणे कोणत्याही खेळाडूला परवडणारे नाही.

उद्दिष्टांचे तीन प्रकार

क्रीडामानसशास्त्रात उद्दिष्टांचे तीन प्रकार मानतात. पहिले निकालाचे: स्पर्धा जिंकणे, क्रमवारीत स्थान मिळविणे. दुसरे कामगिरीचे: पहिल्या सर्व्हिसपैकी इतक्या टक्के आत टाकणे, दुहेरी चुका अमुक संख्येपर्यंत खाली आणणे. तिसरे कृतीचे: सर्व्हिससाठी चेंडू दर वेळी एकाच जागी उंच सोडणे, फटका मारल्यावर लगेच कोर्टाच्या मध्याकडे परतणे. निकाल प्रतिस्पर्ध्याच्या खेळावर, सोडतीवर, वाऱ्यावर, कधी नशिबावरही अवलंबून असतो. कामगिरी बरीचशी आपल्या हातात असते. कृती तर जवळजवळ पूर्णतः आपल्या हातात असते. म्हणून निकालाचे उद्दिष्ट वर्षाचे असावे, कामगिरीचे महिन्याचे आणि कृतीचे रोजचे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचे सारही येथे उपयोगी पडते. ‘जमेल तितके उत्तम कर’ असे सांगण्यापेक्षा निश्चित आणि काहीसे अवघड, पण आवाक्यातले लक्ष्य समोर ठेवले तर माणसाचे काम अधिक चांगले होते. ‘सर्व्हिस सुधारावयाची’ हा संकल्प झाला. ‘पन्नास सर्व्हिसपैकी आज वीस आत पडतात, महिन्याअखेर पंचवीस पाडावयाच्या’ हे उद्दिष्ट झाले. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्याही पहिल्या सर्व्हिसपैकी साधारणपणे ६० ते ६५ टक्केच आत पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे नवोदिताने आपले लक्ष्य किती उंच ठेवावे याचा अंदाज येतो.

कोर्टावरील काम

उद्दिष्ट ठरविताना कोर्टाची मापे हाताशी असावीत. कोर्टाची लांबी ७८ फूट आणि एकेरीसाठी रुंदी २७ फूट असते. जाळी खांबाशी साडेतीन फूट उंच असते, तर मध्यभागी तीनच फूट. यामुळे कोपऱ्यातून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यात मारलेला तिरका फटका जाळीच्या सर्वांत सखल भागावरून जातो. शिवाय त्याला मिळणारे अंतर सरळ रेषेपेक्षा सुमारे साडेचार फूट अधिक असते. अडचणीत सापडलेल्या खेळाडूने तिरका फटका मारावा, असे प्रशिक्षक का सांगतात त्याचे कारण या मापांत आहे.

सर्व्हिसच्या रेषेपासून मागच्या रेषेपर्यंतचा पट्टा १८ फुटांचा असतो. चेंडू या पट्ट्यात पडत राहिला की प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊन हल्ला करणे कठीण जाते. दोघांनी मिळून तिरक्या फटक्यांचे सलग दहा चेंडू या पट्ट्यात ठेवावयाचे, हे एका आठवड्याचे लक्ष्य होऊ शकते. पहिल्या दिवशी चौथ्या चेंडूलाच खेळ तुटेल. तो आकडा वहीत लिहून ठेवावा आणि पुढच्या दिवशी पाचवर जावे. एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी. सर्व्हिस, व्हॉली आणि बॅकहँड एकाच आठवड्यात सुधारू पाहणाऱ्याचे एकही धड सुधारत नाही.

पावसाळ्याचे चार महिने उघडी कोर्टे ओली असतात आणि अनेकांचा खेळ त्या काळात पूर्ण थांबतो. तसे होण्याचे कारण नाही. सर्व्हिस हा टेनिसमधील असा एकमेव फटका आहे की ज्याच्या आधी प्रतिस्पर्ध्याचा चेंडू यावा लागत नाही, आणि त्यातील चेंडू सोडण्याची कृती घराच्या पडवीतही घोटता येते. पुढच्या पायाच्या किंचित पुढे रॅकेट जमिनीवर ठेवावी, चेंडू वर सोडावा आणि तो न मारता रॅकेटच्या तारांवर पडू द्यावा. छत खाली असेल तर उंची कमी ठेवली तरी हाताला वळण लागते. दोरीच्या उड्या, पदन्यास आणि भिंतीवरील व्हॉली यांसाठी शाळेचा व्हरांडाही पुरतो. महागडे प्रशिक्षण ज्याच्या आवाक्यात नाही, त्यालाही या गोष्टी बिनखर्चाने करता येतात.

मनाची बैठक

उद्दिष्ट लिहून ठेवले तरी ते पार पाडणारे मन तयार व्हावे लागते. कॅरोल ड्वेक या अमेरिकन विदुषीने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोन मनोवृत्तींचे विवेचन केले आहे. एका वृत्तीचा माणूस आपली कुवत जन्मतःच ठरलेली आहे असे मानतो. त्याला प्रत्येक सामना ही आपल्या लायकीची परीक्षा वाटते आणि म्हणून तो आपल्याहून सरस खेळाडूशी खेळणे टाळतो. दुसऱ्या वृत्तीचा माणूस कुवत अभ्यासाने वाढते असे मानतो. तो सरस खेळाडू मुद्दाम शोधतो, कारण आपल्या खेळातील उणिवा तोच दाखवून देणार असतो. पुढील काळात झालेल्या पाहण्यांत या वृत्तीचा परिणाम सर्वत्र मोठा आढळलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. नुसती समजूत बदलल्याने बॅकहँड सुधारत नाही. समजुतीला सरावाची आणि योग्य मार्गदर्शनाची जोड हवी.

टिमथी गॅल्वे या टेनिस प्रशिक्षकाने १९७४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात आणखी एक मर्म दाखविले. खेळाडूच्या मनात एक जण सतत हुकूम सोडत असतो आणि दुसरा प्रत्यक्ष खेळत असतो. हुकूम वाढले की शरीर आखडते. यावर गॅल्वेचा उपाय अगदी साधा आहे. चेंडू टप्पा घेईल तेव्हा एक शब्द आणि रॅकेटला लागेल तेव्हा दुसरा शब्द उच्चारावा. लक्ष चेंडूत गुंतले की मनातील टीकाकार आपोआप गप्प बसतो.

सामन्यातील बराचसा वेळ चेंडू खेळात नसताना जातो, याकडे नवोदितांचे दुर्लक्ष होते. नियमाप्रमाणे दोन गुणांमध्ये २५ सेकंद आणि बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. गमावलेल्या गुणाचा राग याच वेळात वाढतो किंवा विरतो. म्हणून या २५ सेकंदांचीही रीत बसवावी. जाळीकडे पाठ करावी, रॅकेटच्या तारांवर दृष्टी ठेवून दीर्घ श्वास सोडावा, पुढची सर्व्हिस कोठे टाकावयाची किंवा पुढचा चेंडू कोठे परतवावयाचा ते ठरवावे आणि मगच रेषेवर यावे. ही रीत सरावातही पाळली पाहिजे, नाहीतर ऐन सामन्यात ती आठवत नाही.

पंच नसलेल्या सामन्यात रेषेचा निर्णय खेळाडूलाच द्यावा लागतो, आणि शंका असल्यास चेंडू आत पडला असे मानून गुणाचा लाभ प्रतिस्पर्ध्याला द्यावा, असा संकेत आहे. निकालाने पछाडलेल्या मुलाची कसोटी येथे लागते. त्या दिवशी प्रामाणिक राहणे हेही कृतीचे उद्दिष्टच होय.

काही उदाहरणे

लिअँडर पेस याचे घराणे मूळचे गोव्याचे. त्याचे वडील वेस पेस हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर उपांत्य फेरीत आंद्रे अगासीकडून हरला. पुढच्या, म्हणजे कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीने पहिला सेट ६-३ असा घेतला. त्यानंतरचे दोन सेट पेसने ६-२, ६-४ असे जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले होते. त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक लाभले.

रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांची कूर्चा झिजलेली होती आणि २०२१ मधील पराभवांच्या मालिकेने निवृत्तीचा विचार त्याच्या मनात आला होता. त्याने अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासाने पाय बळकट केले आणि खेळ चालू ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनसह त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले आणि दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत तो पहिल्या स्थानी पोहोचला.

उद्दिष्ट बदलणे हाही कधी शहाणपणाचा निर्णय असतो. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले.

पालकांसाठी दोन शब्द

सामना संपवून मूल घरी येते तेव्हा पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘जिंकलास का?’ या प्रश्नाने मुलाच्या मनावर निकालाचे माप ठसते. ‘आज जे करावयाचे ठरविले होते, त्यातले काय जमले?’ या प्रश्नाने कृतीचे माप ठसते. उत्तरादाखल मूल वही दाखवील, तर ती लक्षपूर्वक पाहावी. कोर्टाच्या कुंपणाबाहेरून सूचना देण्याचा मोह मात्र टाळावा.

आज घरी गेल्यावर प्रत्येक खेळाडूने वहीत तीन ओळी लिहाव्यात: वर्षाचे एक उद्दिष्ट, महिन्याचा एक आकडा आणि उद्याच्या सरावातील एक कृती. उद्यापासून रोजचा आकडा त्याखाली तारीखवार नोंदवावा. जूनमध्ये पहिला पाऊस पडून कोर्टे बंद होतील, त्या दिवशी ही वही पहिल्या पानापासून वाचून पाहावी. घरात चषक आला असेल वा नसेल, पन्नासपैकी वीस सर्व्हिस आत टाकणारा हात आता किती टाकतो ते तेथे लिहिलेले सापडेल, आणि दहावीच्या वर्षी खेळ सोडावा की चालू ठेवावा हे ठरविताना तो आकडाही विचारात घेता येईल.